टाके घालणाऱ्या हातांचे आरोग्य

सोनपेठ परिसरात सुगी सरून उन्हे तापू लागली की जुन्या साड्या, धोतरे पेटीतून बाहेर निघतात आणि दुपारच्या वेळी ओसरीवर गोधड्या अंथरल्या जातात. पूर्वी गोधडी घरासाठी किंवा बाळंतिणीसाठी शिवली जाई. आता काही भगिनी ती विकतात आणि आलेली रक्कम निराधार मुलांचे शिक्षण, गरीब रुग्णाचे औषधपाणी अशा सत्कार्यास देतात. हे कौतुकास्पदच आहे. मात्र ज्या हातांमुळे हे दान घडते, त्या हातांची विचारपूस सहसा कोणी करीत नाही.

गोधडीचे काम दिसते तितके हलके नाही. कापडाचे अनेक थर एकत्र धरून सबंध गोधडीवर धावदोरा घालायचा, तोही मांडी घालून, मान खाली घालून, तासन्‌तास. त्यातून उद्भवणाऱ्या तक्रारी वेळीच ओळखाव्यात.

पहिली तक्रार डोळ्यांची. चाळिशीच्या आसपास जवळचे अंधुक दिसू लागते. सुईत दोरा ओवण्यासाठी नातवंडांना हाका माराव्या लागत असतील, तर डोळे तपासून घ्यावेत. चष्म्याअभावी डोके दुखते आणि वाकून शिवण्याची सवय लागून मानही आखडते. शिवताना उजेड पुरेसा असावा. दर वीस मिनिटांनी नजर उचलून दूरच्या झाडाकडे पाहावे आणि अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे.

दुसरी तक्रार हातांची. रात्री अंगठा, तर्जनी व मधले बोट यांना मुंग्या येणे, हात झटकल्यावर बरे वाटणे, ही मनगटातील मज्जातंतू दाबला गेल्याची खूण असू शकते. मधुमेह आणि थायरॉइडच्या विकारात हा त्रास अधिक आढळतो. तेल चोळून दिवस ढकलू नयेत. आरंभीच दाखविल्यास विश्रांती व रात्री मनगटाला पट्टा, एवढ्यानेही पुष्कळदा आराम पडतो. दुर्लक्ष झाल्यास अंगठ्याची शक्ती क्षीण होते.

सुई टोचल्यास जखम साबणपाण्याने धुवावी. धनुर्वाताच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे. मधुमेह असणाऱ्या भगिनींनी बोटाची सूज किंवा पू अंगावर काढू नये.

श्रम आणि सेवा यांची सांगड कशी घालावी, याचा वस्तुपाठ महाराष्ट्रातच आहे. बाबा आमटे यांनी 1949 मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले. कुष्ठरोगात मज्जातंतूंना इजा होऊन हात बधिर होतात. कापले, भाजले तरी कळत नाही. असे हात जपावे लागतात, रोज निरखून पाहावे लागतात. त्याच हातांनी आनंदवनात शेती केली, कापड विणले, शुभेच्छापत्रे तयार केली. बाबांनी दयेपेक्षा श्रमाला वरचे स्थान दिले. आपले हात तर बधिर नाहीत. ते दुखून सूचना देतात. ती सूचना ऐकणे एवढेच आपल्याकडे राहते.

श्रमाचा मान किमतीतही दिसला पाहिजे. ‘सत्कार्यासाठीच आहे ना, मग थोडे कमी करा’ असे म्हणून घासाघीस करणारे ग्राहक असतात. त्यातून शिवणारीच्या मेहनतीचे मोल शून्य ठरते. माझी विनंती अशी की, प्रत्येक गोधडीमागे कापड, दोरा आणि लागलेले तास वहीत लिहावेत. मेहनताना दान करावयाचा असेल तर अवश्य करावा. परंतु आपण काय देत आहोत, हे स्वतःला आणि घरच्यांना कळलेले असावे. चष्मा व औषधाचा खर्च आधी वजा करून उरलेली रक्कम द्यावी आणि तिची पावती घ्यावी. आजारपणामुळे काम थांबले, तर दानही थांबते.

घरातील पुरुषमंडळींनी व मुलांनीही हातभार लावावा. शिवणाचे दिवस असतील तेव्हा पाणी भरणे, धुणे, भांडी ही कामे वाटून घ्यावीत, कारण मनगटाला विश्रांती मिळते ती अशीच.

गोधडी विकत घेणाऱ्यांना दोन सूचना. वापरण्यापूर्वी ती धुऊन कडक उन्हात वाळवावी. तान्ह्या बाळाला उताणे झोपवावे आणि जाड पांघरूण त्याच्या तोंडावर येणार नाही याची काळजी घ्यावी. बाळासाठी घ्यावयाच्या गोधडीला मणी किंवा गुंड्या नसाव्यात. त्या तोंडात जाऊन घशात अडकू शकतात.

हातांना गुंतविणारे काम पुष्कळांच्या मनाला स्वस्थता देते आणि एकाकीपण हलके करते. हा लाभ दीर्घकाळ मिळावा यासाठी यंदाची पहिली गोधडी अंथरण्यापूर्वी डोळे आणि रक्तातील साखर तपासून घ्यावी.