सावड की सौदा?

कोथरूड, सिंहगड रस्ता, हडपसर या पुण्याच्या वस्त्यांतून हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानाकडे रोज सकाळी मोटारींचा लोंढा निघतो. त्यातील कितीतरी मोटारींत चार आसनांमागे माणूस एकच असतो. अशा स्थितीत एकाच वस्तीतील चौघे एका मोटारीने कामावर जाऊ लागले की अधिकारी आणि उद्योगपती त्यांचे तोंडभरून कौतुक करतात. का, तर पेट्रोल वाचले, कोंडी घटली. त्या चौघांत जडलेला स्नेह मात्र कोणाच्याच जमाखर्चात धरला जात नाही.

डाव्या चळवळीतही हा विषय मोटारवाल्यांची चैन म्हणून निकालात काढला जातो. हा उतावळेपणा आहे. कचेरीत प्रत्येकजण आपापल्या संगणकासमोर एकटा असतो आणि वार्षिक मूल्यमापनात शेजारच्याचा प्रतिस्पर्धी असतो. मोटारीत बसल्यावर ही उतरंड गळून पडते. कोणाच्या आईचे आजारपण, कोणाच्या मुलाची परीक्षा, कोणाला अचानक मिळालेली नोकरी सोडण्याची सूचना, खरा पगार किती, हे सारे तेथे मोकळेपणाने बोलले जाते. उशीर झालेल्यासाठी पाच मिनिटे थांबणे, डब्यातली थालीपीठे वाटून खाणे, आजाऱ्याला न विचारता घरी पोचवणे, यांतून माणसे एकमेकांची होतात. गिरणीच्या दारातील चहाच्या टपरीने जे कार्य एके काळी केले, त्याचा अल्पसा अंश आज ही मोटार करीत आहे. संघटनेची भाषा करणाऱ्यांनी त्याकडे पाठ फिरवणे शहाणपणाचे नव्हे.

महाराष्ट्राच्या खेड्यांना ही रीत नवी नाही. आज याच्या शेतात, उद्या त्याच्या शेतात, मजुरीविना श्रमाची फेड श्रमाने करणारी सावड हे तिचे जुने नाव. या आठवड्यात एकाची मोटार, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याची. ज्याच्याकडे मोटार नाही त्याने पेट्रोलचा वाटा उचलायचा. येथे नफा कोणालाच नाही, आणि म्हणूनच स्नेहाला जागा आहे.

ही जागा नफ्याने कशी व्यापली जाते याचा धडा अमेरिकेत मिळतो. तेथे महायुद्धकाळात, 1943 साली, एकट्याने मोटार हाकणारा हिटलरला सोबत घेऊन चालला आहे असे बजावणारे सरकारी भित्तिपत्र लागले होते. पुढे 1973 मध्ये, तेलसंकटाच्याच वर्षी, वॉशिंग्टनकडे जाणाऱ्या व्हर्जिनियातील महामार्गावर बससाठी राखलेली मार्गिका चौघांनी भरलेल्या मोटारींनाही खुली झाली. त्यातून लोकांनी आपण होऊन रांगा उभारल्या : अनोळखी माणसाला मोटारीत घ्यावयाचे, पैसा घ्यावयाचा नाही, रांगेत एकट्या स्त्रीला मागे ठेवावयाचे नाही. सरकारने फक्त एक मार्गिका राखली. नीती लोकांनी घडवली. परंतु 2019 मध्ये त्याच महामार्गावर खाजगी कंपनीच्या पथकराची व्यवस्था आली आणि पैसे मोजणाऱ्या एकट्या मोटारवाल्यालाही त्या मार्गिकेत प्रवेश मिळाला. सोबतीने जे मिळत होते ते पैशाने विकत मिळू लागले. 1980 साली त्या देशात कामावर जाणाऱ्यांपैकी सुमारे 20 टक्के लोक मोटार वाटून घेत. 2019 पर्यंत हे प्रमाण 9 टक्क्यांच्या आसपास उतरले. स्वस्त पेट्रोल, घरोघरी दुसरी मोटार आणि दूरवर पसरलेल्या वसाहती यांनी हे घडवले.

भारतातही दलालीवर जगणाऱ्या मोबाइल कंपन्या या सोबतीच्या बाजारात उतरल्या आहेत. सहप्रवासी हा त्यांच्या लेखी ग्राहक असून मैत्रीची किंमत ताऱ्यांच्या गुणांकनाने ठरते. केंद्र सरकारने 2020 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत खाजगी मोटारीला शहरात दिवसाला चार सामायिक फेऱ्यांची मर्यादा घातली. पण मधल्या कंपनीची गरजच काय, हा प्रश्न विचारला नाही. परवाना, विमा आणि तपासणीचा भार वाहणाऱ्या रिक्षा-टॅक्सीचालकांचा विरोध येथे न्याय्य आहे. खर्च वाटून घेणे ही सावड. भाडे घेणे हा धंदा. ही सीमारेषा समाजवाद्यांनी ठामपणे आखली पाहिजे.

आणखी एक विसर पडता कामा नये. त्याच हिंजवडीत झाडू मारणारी स्त्री, रखवालदार आणि उपाहारगृहातील पोऱ्या यांना या मोटारीत जागा नाही. त्यांची सावड म्हणजे सार्वजनिक बस. पुण्यातील पीएमपीएमएलचे किमान भाडे जून 2025 मध्ये 5 रुपयांवरून 10 रुपये झाले, तेव्हा दुप्पट भार पडला तो त्यांच्यावर. मोटारींच्या सोबतीचे गोडवे गाऊन जर कोणी बसगाड्यांवरील खर्च कापू पाहील, तर तो कावा उघड केला पाहिजे.

म्हणून कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत दलालाविना सावडीच्या याद्या कराव्यात, बससाठी राखीव मार्गिका मागावी आणि तीत भरलेल्या मोटारीला बसच्या मागून वाट द्यावी. मात्र त्याच मोटारीतील चौघांना बसच्या लढ्यातही उतरवावे. रोज एकमेकांसाठी पाच मिनिटे थांबणाऱ्यांना थांब्यावर तासभर तिष्ठणाऱ्यांचे दुःख समजावून सांगणे फारसे अवघड नाही.