हौशी सिनेमाची उसनी लोकशाही

'लोकशाहीकरण' हा शब्द समीक्षेत फार स्वस्त झाला आहे. छपाईने वाङ्मयाचे लोकशाहीकरण केले, तसे छोट्या फिल्मने सिनेमाचे केले, हे विधान उत्तरपत्रिकांपासून चर्चासत्रांपर्यंत सर्वत्र भेटते. आमच्या मते ते अर्धसत्य आहे. आणि अर्धसत्य शिकवणे हे काहीच न शिकवण्याहून वाईट.

त्यातला खरा भाग आधी मान्य करू. १९२३ साली कोडॅकने १६ मिमी फिल्म आणली. पेट घेणाऱ्या नायट्रेटऐवजी तिचा पाया ॲसिटेटचा होता, म्हणून सिनेमा घराच्या दिवाणखान्यात शिरू शकला. ऐन मंदीत, १९३२ साली, स्वस्त ८ मिमी आली आणि १९६५ साली सुपर ८. अमेरिकेतील जपानी वंशाच्या नागरिकांना दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबले गेले, तेव्हा युटातील टोपाझ छावणीत डेव्ह तात्सुनो यांनी बंदी असलेल्या ८ मिमी कॅमेऱ्याने तिथले जगणे टिपले. १९९६ साली ते चित्रण अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत समाविष्ट झाले. 'हौशी' म्हणून नाक मुरडणाऱ्यांना एवढे उत्तर पुरे.

पण कॅमेरा ग्राहकाचा असला, तरी चित्र हाती येण्याची वाट कारखान्यातूनच जात होती. १९३५ च्या कोडाक्रोममध्ये रंगद्रव्ये फिल्मवर नसत, ती धुण्याच्या प्रक्रियेत मिसळली जात. घरी हे जवळजवळ अशक्य. अमेरिकेत धुण्याचे पैसे फिल्मच्या किमतीतच वसूल होत. मक्तेदारीविरोधी कारवाईतील तडजोडीने ही सक्ती १९५४ साली संपली. सुपर ८ चे काडतूस ५० फुटांचे. सेकंदाला १८ चौकटींच्या वेगाने ते ३ मिनिटे २० सेकंदांत संपे. कौटुंबिक चित्रणांच्या ज्या तुटकपणाला आपण 'निरागस शैली' म्हणतो, त्यात या मापाचाही वाटा आहे.

कोणी म्हणेल, लेखकही गिरणीचाच कागद वापरतो. खरे आहे. मात्र आपलेच लिहिलेले वाचता यावे म्हणून त्याला गिरणीच्या दारात पुन्हा उभे राहावे लागत नाही. हौशी चित्रकर्त्याला राहावे लागे. ३० डिसेंबर २०१० रोजी कॅन्ससमधील पार्सन्स येथील ड्वेन्स फोटो या अखेरच्या प्रयोगशाळेने कोडाक्रोम स्वीकारणे थांबवले. तेव्हा कपाटांत न धुता राहिलेल्या फिल्मांचे रंग कायमचे गेले. फार तर कृष्णधवल छाया उरली. चित्रण करणाऱ्याचे त्यात काहीही चुकले नव्हते.

म्हणून आमचा आग्रह असा, की हौशी सिनेमा शिकवताना कॅमेऱ्याइतकीच प्रयोगशाळाही शिकवावी. कंपनीच्या ताळेबंदावर ज्या आठवणीचे आयुष्य ठरते, तिला मुक्त म्हणण्याआधी समीक्षकाने थोडे थांबावे. आज सारे चित्रण मोबाइलमध्ये आणि परक्या सर्व्हरवर ठेवून निश्चिंत झालेल्या आपल्या विद्यार्थ्यांना तर हे अर्धसत्य मुळीच परवडणारे नाही.