हजेरी अजून संपलेली नाही

शिवाजी पेठेतल्या आमच्या भाड्याच्या खोलीत दर रविवारी सात-आठ मुलामुलींचा अभ्यासवर्ग भरतो. बहुतेक जण स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे. मागे त्यांतल्या एकीने जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' ही कादंबरी वाचून आणली आणि तिची गोष्ट सगळ्यांना सांगितली. भिंतीवर टेलिस्क्रीन असतो, तो बंद करता येत नाही, तो तुम्हाला दाखवतो आणि तुमच्याकडे बघतोही. मनात वेगळा विचार आला तरी पोलीस उचलून नेतात. गोष्ट संपल्यावर एका मुलाने विचारले, "ताई, असलं आपल्याकडं कधी येणार?"

प्रश्न ऐकून आम्हाला वाईट वाटले. विचारणारा मुलगा रामोशी समाजातला. त्याच्या खापरपणजोबाने चावडीवर जाऊन रोज हजेरी दिली असणार, आणि हे त्याला घरात कोणी सांगितलेच नव्हते. शाळेच्या पुस्तकात तर ते नव्हतेच.

'१९८४' प्रसिद्ध झाली १९४९ मध्ये. ऑर्वेलचा जन्म १९०३ चा, बिहारमधल्या मोतिहारीचा. वडील इंग्रज सरकारच्या अफू खात्यात होते आणि तो स्वतः १९२२ ते १९२७ या काळात ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होता. रयतेवर नजर कशी ठेवतात, हे त्याने खात्यात राहून पाहिलेले होते. कादंबरी मोठी आहे, यात शंका नाही. तरी आमचे तिच्याशी एका मुद्द्यावर भांडण आहे. तिचा नायक सरकारी खात्यातला नोकरदार आहे. टेलिस्क्रीन त्याच्या घरात आहे. त्या देशात लोकसंख्येच्या ८५ टक्के असलेली तळाची कष्टकरी जनता मात्र बरीचशी मोकळी आहे. त्यांतल्या बहुतेकांच्या घरात टेलिस्क्रीन नाही, कारण त्यांच्याकडे बघण्याचीही गरज सत्तेला वाटत नाही.

भारताची समाजरचना याच्या बरोबर उलटी आहे. इथे नजर सगळ्यात आधी आणि सगळ्यात कडक पडली ती तळाच्या माणसावर. वाड्यात काय चालते हे विचारायची कोणाची छाती नव्हती. वाड्याबाहेरच्या वस्तीत रात्री कोण घरी नाही, हे मात्र पाटलाला ठाऊक असावे लागे. म्हणून मध्यमवर्गीय वाचकाला ऑर्वेल म्हणजे पुढे येणारे संकट वाटते. आम्हाला ती मागच्या पिढ्यांची हकिगत वाटते.

हजेरी म्हणजे काय, ते आजच्या मुलांसाठी सांगितले पाहिजे. अमुक जातीत जन्म झाला म्हणून माणूस चोर ठरवायचा, त्याचे नाव यादीत घालायचे आणि त्याने ठरल्या वेळी गावकामगारापुढे उभे राहून 'मी गावातच आहे' हे सिद्ध करायचे. गुन्हा केला का, हा प्रश्नच नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा करून याला कायद्याचे रूप दिले. नोंद झालेल्यांच्या बोटांचे ठसे, परवानगीवाचून हलायला बंदी आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. कोल्हापूर संस्थानातही महार, मांग, रामोशी, बेरड यांना हजेरी होती.

आणि हीच हजेरी कोल्हापुरात १९१८ साली राजर्षी शाहू महाराजांनी हुकूम काढून बंद केली. ऑर्वेलची कादंबरी येण्याच्या ३१ वर्षे आधी! महाराज तेवढ्यावर थांबले नाहीत. ज्यांना जग चोर म्हणत होते त्या फासेपारध्यांना त्यांनी कामाला घेतले, पहाऱ्यावर ठेवले. ज्याच्यावर पहारा होता त्याच्याच हाती पहारा दिला. शाहू जयंतीला शहरात मिरवणूक निघते, भाषणे होतात, आरक्षणाचा उल्लेख होतो. हजेरीच्या हुकुमावर भाषण केलेले मात्र आम्ही क्वचितच ऐकले.

उर्वरित देशात हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला संपला. म्हणून तो विमुक्त दिन. पण यादी गेली तरी यादी करणारे डोके राहिले. १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. कायद्याच्या कागदावर जात नाही. ठाण्यातल्या डोक्यात आहे. आम्ही ज्या वस्तीत काम करतो तिथे आजही शहरात कुठे घरफोडी झाली की दुसऱ्या दिवशी पहाटे कोणाचे दार वाजणार, हे बायकांना आधीच माहीत असते.

ही नजर एकट्या सरकारची असती तर लढाई सोपी होती. ऑर्वेलच्या देशात नजर वरून खाली येते. आपल्याकडे ती शेजारून येते. बाबासाहेबांनी संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ ला खेड्याला राज्यघटनेचा घटक करायला विरोध केला आणि व्यक्ती हाच घटक मानला, त्यामागे हाच अनुभव होता. गावात माणूस कधी एकटा नसतोच, त्याच्यावर गाव असते. कोणती विहीर, कोणती चप्पल, वरातीत घोडा की पायी, सगळे गाव बघते. शहरात आल्याने ते सुटते असे आम्हालाही वाटत होते. पेठेत खोली शोधताना कळले. कोल्हापुरात मटणावरून जात ओळखता येत नाही, तांबडा-पांढरा सगळेच ओरपतात. म्हणून मग आडनाव विचारतात. आडनावावरून उलगडा झाला नाही तर, "गाव कुठलं? गावात घर कुठल्या अंगाला?" हे विचारणाऱ्याच्या हातात ना कॅमेरा असतो, ना काठी.

पाश्चात्त्य साहित्यात या विषयावर कल्पित कादंबऱ्या झाल्या. आपल्याकडे आत्मकथने झाली. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये आले, लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ मध्ये. दोन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. या माणसांना भयाण समाज कल्पनेतून उभा करावा लागला नाही. ज्यांना सर्वंकष सत्तेवर अभ्यास करायचा आहे त्यांनी ऑर्वेलशेजारी ही पुस्तके ठेवून वाचावीत, असा आमचा आग्रह आहे.

आता आजचे बघा. रोजगार हमीच्या मजुरांसाठी १ जानेवारी २०२३ पासून मोबाईल ॲपवर हजेरी सक्तीची झाली. दिवसातून दोनदा फोटो, सोबत जागेची नोंद. रेंज नाही, फोटो चढला नाही, तर घाम गाळूनही मजुरी बुडण्याची पाळी. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली. चंदीगडमध्येही तेच झाले. झाडू कोणत्या समाजाच्या हातात आहे, हे सांगायची गरज नाही. कामगार कुठे उभा आहे हे साहेबाला दिसते. मग गटारात उतरणाऱ्याला मास्क-हातमोजे दिले की नाही, हे दाखवणारे घड्याळ ठेकेदाराच्या मनगटावर का नाही? यंत्र नवे आहे, पण शब्द तोच राहिला आहे, हजेरी!

आणि जून २०२३ कोल्हापूरकर विसरले नसतील. मोबाईलवरच्या स्टेटसवरून शहर बंद झाले, दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद झाले. त्या दिवसांत कोणाच्या फोनवर काय आहे हे शोधायला कोणत्या खात्याची गरज पडली नाही. पोरंच पोरांचे फोन तपासत होती. विचारांचे पोलीस म्हणतात ते याहून वेगळे काय असतात? त्यांना पगारही द्यावा लागत नाही. या कामाला जुंपलेल्या पोरांत आपल्या वस्तीतली पोरेही असतात, हे कबूल करून आपण त्यांच्याशी बोलले पाहिजे.

काही मित्र म्हणतात, "लपवण्यासारखं काही नसेल तर भ्यायचं कशाला?" चावडीवर उभ्या राहणाऱ्या माणसाकडे तरी लपवण्यासारखे काय होते? सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर टाकले होते, हाच अन्याय होता. दुसरे म्हणतात, कॅमेऱ्यामुळे अत्याचाराचा पुरावा मिळतो. हे खरे आहे आणि आम्ही कॅमेऱ्याचे शत्रू नाही. प्रश्न त्याचे तोंड कुणीकडे आहे हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवायला सांगितले. तो कॅमेरा आम्हाला हवा आहे. २००५ चा माहिती अधिकार हीसुद्धा जनतेने सत्तेवर ठेवलेली नजरच. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने तिच्यातच काटछाट केली. खालच्यावर प्रकाश आणि वरच्याला पडदा, याला आमचा विरोध आहे.

बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या मसुद्यातच माणसाचे शरीर, घर आणि कागदपत्रे यांना मनमानी झडतीपासून संरक्षण मागितले होते. ते त्या रूपात संविधानात आले नाही. १९६२ च्या खरक सिंग खटल्यात न्यायालयाने पोलिसांच्या रात्रीच्या घरभेटी रद्द केल्या, पण खासगीपणा मूलभूत हक्क आहे असे म्हणायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडला. ३ ऑक्टोबर २०२४ ला तुरुंगातल्या जातिभेदावरच्या निकालात विमुक्तांना जन्मजात सराईत समजण्याच्या वृत्तीवर न्यायालयाने बोट ठेवले. निकाल झाले. आता ते ठाण्यापर्यंत आणि चावडीपर्यंत नेणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. सराईत गुन्हेगारांचे कायदे रद्द करा, मजुरी फोटोवर अडवू नका, सफाई कामगारांची घड्याळे काढा, आणि प्रत्येक ठाण्यातला कॅमेरा चालू आहे का ते जनतेला दाखवा. या मागण्या घेऊन वस्त्यावस्त्यांत बैठका झाल्या पाहिजेत.

त्या मुलाला आम्ही सांगितले, "बाबा, ते येऊन गेलंय. तुझ्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचार." पुढच्या रविवारी तो आजीने सांगितलेले दोन पाने लिहून घेऊन आला. अभ्यासवर्गात आम्ही आता ती पाने आणि १९१८ चा हुकूम एकत्र वाचणार आहोत.

जय भीम! जय संविधान!