मेहेरबानी आणि हक्क

देवगाव रंगारीहून खुलताबाद फार दूर नाही. तेथे मलिक अंबराची कबर आहे. वेरूळची बौद्ध लेणी पाहावयास जाणारी आपली कुटुंबे तिच्या जवळून जातात. परंतु तेथे कोण निजला आहे, याची चौकशी क्वचितच होते.

हबसाणात जन्मलेला हा पुरुष गुलाम म्हणून विकला गेला व अखेर निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याच्या पदरी आला. १६०० साली मोगलांनी अहमदनगर घेतल्यावर मोडलेली निजामशाही याच गुलामाने सावरली, आणि १६२६ साली मरेपर्यंत तिचा कारभार वाहिला. १६१० साली त्याने खडकी वसविली. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. जहांगीर बादशहास तो रणात आवरेना, तेव्हा बादशहाने आपल्या आत्मचरित्रात त्याच्या काळ्या वर्णावरून त्यास शिव्या दिल्या. गुणांपुढे हरल्यावर जन्माची निंदा करावयाची, ही रीत आपल्या चांगल्या परिचयाची आहे.

अंबराविषयी आदर अवश्य बाळगावा. परंतु एक गुलाम मुख्य प्रधान झाला, म्हणून गुलामगिरी गेली काय? मुळीच नाही. कंपनीच्या मुलखात तिचा कायदेशीर आधार तुटावयास १८४३ चा कायदा यावा लागला.

इस्तंबूलच्या उस्मानी दरबारातही हेच दिसते. इब्राहीम पाशा हा सुलतान सुलेमानाचा गुलाम. १५२३ साली सुलतानाने त्यास मुख्य वजीर केले आणि १५३६ साली त्याच सुलतानाच्या हुकुमाने त्याचा गळा आवळण्यात आला. ना आरोपपत्र, ना सुनावणी. मेहेरबानीचे दोन दोष येथे स्पष्ट होतात : ती एकट्यास मिळते, आणि देणाऱ्याची मर्जी फिरताच जाते. हक्क सर्वांचा असतो, व तो हिरावणाऱ्यास जाब विचारता येतो.

नवदीक्षित बंधुभगिनींनो, हा भेद आपल्या घरातलाच आहे. १९५६ साली आपल्या वडीलधाऱ्यांनी नागपुरास धम्मदीक्षा घेतली, तेव्हा अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती त्यांना अंतरल्या. तरीही त्यांनी धम्म सोडला नाही, मागणीही सोडली नाही. १९९० साली कायदा दुरुस्त झाला व अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांस ते स्थान मिळाले. ही कोणा वजिराची कृपा नव्हे; चौतीस वर्षांच्या चिकाटीचे ते फळ आहे.

म्हणून दाखल्याच्या खिडकीशी कोणी म्हणाला, “बौद्ध झालात, आता सवलत संपली,” तर हात जोडू नका. अर्ज लेखी द्या, १९९० च्या दुरुस्तीचा उल्लेख करा, पोच घ्या. नकार मिळाला तर तोही लेखी मागा. महाराष्ट्राच्या २००० च्या जात प्रमाणपत्र कायद्यात त्यावर अपील आहे. आपल्यातील एखादा मोठ्या पदी चढला तर आनंद माना. परंतु त्याच्या ओळखीवर विसंबू नका. खिडकीपुढची अशिक्षित आई ओळखीवाचून आपला दाखला घेऊन परतेल, तेव्हाच आपण खरे मुक्त झालो असे म्हणता येईल.

जय भीम.