विश्लेषण : सोबतीने हात वेगाने चालतात, मग गणित का अडते? मोबाइलमधली ‘सोबत’ किती उपयोगाची?

नवेगाव बांधच्या परिसरात पाऊस स्थिरावला, की धानाच्या बांध्यांत रोवणीची ओळ उभी राहते. हातात पऱ्ह्यांची जुडी, कमरेत वाकलेल्या बायका एकेक पाऊल मागे सरकत जातात. एखादी मागे पडली तर तिच्या वाट्याचा पट्टा सगळ्यांना दिसतो. मुकादमाने काही म्हणायच्या आतच तिचे हात भरभर चालू लागतात. याच गावांतली मुले-मुली पोलीस भरतीची तयारी करतात तेव्हाही सोबत शोधतात. पहाटे रस्त्यावर गटाने धावतात, दुपारी अभ्यासिकेत बसतात. तेही जमले नाही तर मोबाइलवर कुणा अनोळखी विद्यार्थ्याचा तासन्‌तास चाललेला ‘स्टडी विथ मी’ व्हिडीओ लावून समोर पुस्तक उघडतात. या तिन्ही सोबती सारख्याच कामाच्या आहेत का?

सायकलस्वारांपासून सुरुवात

अमेरिकेत १८९८ मध्ये नॉर्मन ट्रिप्लेट यांनी सायकल शर्यतींच्या नोंदी तपासल्या. घड्याळाशी एकट्याने झुंजणाऱ्यापेक्षा दुसऱ्यासोबत धावणारा स्वार वेगवान असल्याचे त्यांना दिसले. मग त्यांनी ४० मुलांना मासेमारीच्या गळाची फिरकी गुंडाळायला लावली, कधी एकट्याने, कधी जोडीने. जोडीने करताना २० मुलांचा वेग वाढला, १० मुलांवर फारसा परिणाम झाला नाही आणि उरलेली १० चक्क मंदावली. या शेवटच्या १० मुलांकडे लक्ष कमी गेले, पण खरा प्रश्न तिथेच होता.

झुरळांनी दिलेले उत्तर

त्याचा उलगडा १९६५ मध्ये रॉबर्ट झायन्स यांनी केला. आजूबाजूला कोणी असले की शरीर-मन थोडे चेतते. त्या चेतलेल्या अवस्थेत जे सर्वात सवयीचे असते तेच आधी बाहेर पडते. काम अंगवळणी पडलेले असेल तर सवयीचे ते बरोबरच असते, त्यामुळे वेग वाढतो. काम नवे असेल तर पहिली ऊर्मी बहुधा चुकीची असते, आणि मग चुकाच वाढतात. १९६९ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी हे झुरळांवर करून पाहिले. बाजूला इतर झुरळे ‘प्रेक्षक’ म्हणून ठेवली, तेव्हा सरळ वाटेवर झुरळ अधिक वेगाने पळाले, वळणाच्या वाटेवर मात्र त्याला जास्त वेळ लागला. ‘लोक काय म्हणतील’ ही चिंता झुरळाला असण्याचे कारण नाही. त्यामुळे नुसती उपस्थितीही परिणाम करते, असे झायन्स यांना म्हणता आले.

रोवणी करणाऱ्या बाईचे हात वर्षानुवर्षे तेच काम करत आलेले असतात, म्हणून ओळ तिला पुढे रेटते. धावण्याचेही तसेच. पण शेकडेवारीचे गणित पहिल्यांदा शिकणाऱ्या मुलीला शेजारच्याची झरझर चालणारी पेन्सिल मदत करत नाही, गोंधळात टाकते. झाडीपट्टीतली नाटक मंडळी हे पुस्तकाविना जाणतात. रात्रभर चालणाऱ्या प्रयोगात गर्दीने नट फुलतो, पण संवाद पाठ नसतील तर तीच गर्दी त्याला अडखळवते.

गर्दीत अंग चोरणारेही असतातच. फ्रान्सचे शेती अभियंता मॅक्स रिंगेलमान यांनी माणसांना दोर ओढायला लावला, तेव्हा माणसे वाढली तसा प्रत्येकाचा सरासरी जोर घटला. गुत्त्याने घेतलेल्या रोवणीत पैसे सगळ्यांत वाटले जातात, तरी असे सहसा होत नाही. कारण दोरावर कुणाचा जोर किती ते कळत नाही, बांधीत कुणाची ओळ कुठवर आली ते कळते.

पडद्यावरचा माणूस

आभासी सोबतीबाबत कॅलिफोर्नियातला २००३ चा एक प्रयोग बोलका आहे. क्रिस्टल हॉइट, जिम ब्लास्कोविच आणि सहकाऱ्यांनी काही जणांना आभासी माणसांसमोर काम करायला लावले. ‘या आकृतीमागे खरा माणूस आहे’ असे ज्यांना सांगितले, त्यांची नव्या कामातली कामगिरी घसरली. ‘हा नुसता संगणक आहे’ असे ज्यांना सांगितले, त्यांची घसरली नाही. म्हणजे चित्र नव्हे, त्यामागे कुणीतरी पाहते आहे हा समज काम करतो.

हाच धागा मोबाइलपर्यंत आणला तर आधी मुद्रित केलेला व्हिडीओ आणि कॅमेरा सुरू ठेवून चाललेला ऑनलाइन गट यांत फरक करावा लागेल. व्हिडीओतला विद्यार्थी कुणालाच पाहत नाही. तो फार तर बैठकीचे वळण लावेल. ऑनलाइन गटात नजर खरी असते, तिचा धाक आणि अडथळा दोन्हीही खरे. अर्थात कुठल्याही सोबतीकडून चमत्काराची अपेक्षा नको. १९८३ मध्ये चार्ल्स बाँड आणि लिंडा टायटस यांनी २४१ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा माणसामाणसांच्या कामगिरीतल्या फरकाचा जेमतेम ०.३ ते ३ टक्के भाग नुसत्या उपस्थितीमुळे असल्याचे दिसले. वर्षभराचे शुल्क भरून लांबच्या शहरातली अभ्यासिका गाठणाऱ्या कुटुंबाने हा आकडा एकदा पाहायला हवा.

भरतीच्या उमेदवाराने काय करावे?

पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची, लेखी परीक्षा १०० गुणांची. मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. तो सराव गटानेच बरा. गणिताची नवी रीत एकट्याने, चुका करत, कुणी पाहत नसताना शिकावी. रीत हातात बसली की सराव प्रश्नपत्रिका चारचौघांत, घड्याळ लावून सोडवावी, कारण परीक्षाही अनोळखी माणसांनी भरलेल्या खोलीतच व्हायची आहे.

अडचण आहे ती ‘एकट्याने’ या शब्दाची. दोन खोल्यांच्या घरात, चूल, टीव्ही आणि धाकटी भावंडे यांच्यामध्ये मुलीला एकांत मिळत नाही. सोबत फुकट असते, एकांताला जागा लागते. म्हणून गावच्या वाचनालयाला अभ्यासिकेसाठी निधी मिळाला, तर नुसती लांब बाके टाकण्यापेक्षा दोन टेबलांमध्ये प्लायची आडभिंत घालणे जास्त उपयोगाचे. शेजारी कुणी बसले आहे हे कळते, पण त्याला वही दिसत नाही.