दीड तासाचं विमान आणि साडेआठ तासांचा प्रवास

नागपूर ते मुंबई. सरळ रेषेत हवाई अंतर साधारण 680 किलोमीटर, रेल्वेने 837. विमानाला लागतो दीड-पावणेदोन तास. कुठल्याही नेत्याच्या भाषणात हेच आकडे असतात. आता आमचा हिशोब ऐका.

मागच्या महिन्यात काकाजींना तपासणीसाठी मुंबईला, परळच्या एका दवाखान्यात न्यायचं होतं. नंबर सकाळी अकराचा. यवतमाळहून नागपूर विमानतळ दीडशे किलोमीटर. पहाटेचं विमान गाठायचं म्हणून रात्री दीडला निघालो. त्या वेळी एसटी कुठली मिळणार? गाडी भाड्याने केली, तिचं भाडं जवळपास एका तिकिटाएवढं. साडेचारला विमानतळावर. सव्वासहाला विमान सुटलं, आठच्या आत मुंबईत उतरलं. काकाजी म्हणाले, "आली बी का मुंबई? आपल्याले नागपूर गाठाले याच्याहून दुप्पट टाइम लागला ना बाप्पा!"

सामान घेऊन बाहेर पडून परळला पोचेपर्यंत दहा. म्हणजे साडेआठ तास. त्यातले हवेत जेमतेम दीड. बाकीचे सात तास रस्त्यावर आणि रांगेत. आजारी माणसाला थकवतात ते हे सात तास.

कोणी म्हणेल, मग यवतमाळलाच विमान सुरू करा. धावपट्टी आहे की आमच्याकडे! पण नियमित विमानच नसेल तर नुसत्या धावपट्टीचं करायचं काय? अमरावतीहून 16 एप्रिल 2025 ला मुंबईचं विमान सुरू झालं. आमच्यापासून नव्वद किलोमीटर. आनंदच आहे. पण सुरुवातीला ते आठवड्यातून तीनच दिवस होतं. डॉक्टरची तारीख विमानाचा वार बघून मिळत नाही.

'उडान' योजना 2016 मध्ये आली तेव्हा तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांची मर्यादा असं सांगितलं गेलं, तीही विमानातल्या ठरावीक जागांपुरती. ठीक आहे, पण विमानतळापर्यंतच्या खर्चाला मर्यादा कोण घालणार?

माझं म्हणणं विमानतळांच्या विरोधात नाही. अंतर विमानतळापासून विमानतळापर्यंत मोजू नका, दारापासून दारापर्यंत मोजा, एवढंच. पहाटेच्या आणि रात्रीच्या विमानांची वेळ धरून जिल्ह्याच्या ठिकाणाहून थेट विमानतळापर्यंत एसटी सोडा. त्याला नवी धावपट्टी लागत नाही, भूसंपादन लागत नाही. लागते दोन-चार गाड्यांची आणि थोड्या इच्छाशक्तीची.

पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे. काकाजींनी आत्ताच सांगून ठेवलंय, "आता रेल्वेनंच जाऊ, निदान झोपता तरी येते."

तुमच्या गावाहून विमानतळ गाठायला किती तास लागतात? खाली लिहा. यादी करून लोकप्रतिनिधींच्या हातात देऊ.