तालुक्याच्या गावाची हवा कोण मोजणार?

थंडीच्या दिवसांत खानदेशातील तालुक्याच्या कोणत्याही दवाखान्यात सकाळी जाऊन बसावे. बाकावर पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून कष्टाने श्वास घेणारी चार-दोन माणसे तेथे हमखास दिसतात. त्यांत आयुष्यभर विडी ओढलेले वृद्ध असतात, तशाच विडीला कधी हातही न लावलेल्या स्त्रिया असतात. सोबत आलेले नातेवाईक सांगतात, ‘जुना दमा आहे, थंडीत उठतो.’ थंडीवर दोष टाकला की बोलणे तेथेच संपते. या माणसांच्या छातीत जी हवा जाते, तिची चौकशी मात्र कोणी करीत नाही. मुक्ताईनगर तालुक्याच्या निमित्ताने ही चौकशी करणे आवश्यक झाले आहे.

ज्याला सरसकट ‘दमा’ म्हटले जाते, तो पुष्कळदा दमा नसतो. दम्यात आकसलेल्या श्वासनलिका औषधाने बहुतांशी पूर्ववत मोकळ्या होतात. डॉक्टर ज्याला ‘सीओपीडी’ म्हणतात, त्या विकारात नलिका कायमच्या अरुंद होतात, फुप्फुसातील सूक्ष्म वायुकोश नष्ट होतात आणि ते पुन्हा निर्माण होत नाहीत. आत घेतलेली हवा पूर्ण बाहेर पडत नाही. ती साचून राहते आणि पुढच्या श्वासाला जागा उरत नाही. अशा रुग्णाला दूषित हवेचा उपसर्ग निरोगी माणसाहून कितीतरी अधिक होतो. धाप लागली म्हणजे तो तोंडाने श्वास घेऊ लागतो, त्यामुळे नाकाची गाळणी निरुपयोगी ठरते. अडीच मायक्रॉनहून लहान कण थेट खोल उतरतात, आधीच सुजलेल्या नलिका आणखी सुजतात आणि रोग एकाएकी उसळतो. अशा प्रत्येक उसळीनंतर फुप्फुसाची शक्ती थोडी कमी होते आणि सहसा पूर्वपदावर येत नाही. निरोगी माणसाच्या दृष्टीने जो दिवस नुसता धुरकट असतो, तोच या रुग्णाला रुग्णालयात, प्रसंगी त्याही पलीकडे नेणारा ठरतो.

हा विकार केवळ धूम्रपान करणाऱ्यांचा, ही समजूतही आता सोडून द्यावी लागेल. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी 2009 साली ‘लॅन्सेट’मध्ये लेख लिहून धूम्रपान न करणाऱ्यांतील सीओपीडीकडे जगाचे लक्ष वेधले. त्याच नियतकालिकाच्या प्रकाशनांत 2018 साली आलेल्या पाहणीनुसार भारतात या विकाराचे रुग्ण 1990 मध्ये सुमारे 2.8 कोटी होते. 2016 मध्ये ते 5.5 कोटींवर गेले. या विकाराने देशाचे जे आरोग्य हिरावले जाते, त्यातील सुमारे 54 टक्के हानीचा दोष या पाहणीने प्रदूषित हवेकडे दिला आहे आणि 25 टक्के तंबाखूकडे. विडी सोडा, हा उपदेश योग्यच आहे. परंतु जिने विडी कधी ओढलीच नाही, त्या बाईला आपण काय सांगणार?

तिच्या आजाराचे पहिले कारण तिच्या स्वयंपाकघरातच असते. कापूस वेचून झाला की शेतात उभ्या राहणाऱ्या पऱ्हाट्या खानदेशात पिढ्यान्‌पिढ्या चुलीत जात आल्या आहेत. पऱ्हाटी आणि गोवरी यांचा धूर बंदिस्त घरात कोंडतो आणि चुलीपुढे बसणारी स्त्री रोज काही तास तो घेत राहते. 2016 साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅसची शेगडी अनेक घरांत पोहोचविली, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे. पण ज्या घरात दुसरे सिलिंडर घेताना हात आखडतो, तेथे शेगडी फडताळात राहते आणि चूल पेटते.

दुसरे कारण घराबाहेर आहे. भुसावळ आणि वरणगाव यांच्या दरम्यान दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून उभे आहे. तेथे 500 मेगावॅटचे दोन संच आहेत आणि त्यांत अलीकडे 660 मेगावॅटच्या संचाची भर पडली आहे. आपल्याकडील कोळशात राखेचे प्रमाण साधारणतः 30 ते 45 टक्के असते. म्हणजे शंभर टन कोळसा जाळला की तीस-चाळीस टन राख हाती येते. ती चिमणीत अडविली तरी नाहीशी होत नाही. वेल्हाळ्याच्या बंडात साठते, वाळते, वाहनांतून वाहिली जाते आणि वाऱ्यावर उडते. याच भागातून मुक्ताईनगरमार्गे मलकापूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 53 वर अवजड वाहनांची रीघ असते. त्यात शेतातला कचरा जाळल्याचा धूर मिसळतो. उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस अजिंठ्याची रांग असलेल्या या तापी-पूर्णेच्या खोऱ्यात हिवाळ्याच्या पहाटे थंड हवा जमिनीलगत बसून राहते आणि सारा धूर त्याच थरात कोंडतो. ‘थंडीत उठणाऱ्या’ दम्याचे मर्म बरेचसे येथे आहे.

आता शासन काय करते ते पाहू. सूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी घनमीटरला 40 मायक्रोग्रॅमहून अधिक असू नये, असे मानक देशाने 2009 साली ठरविले. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली सुचविलेली मर्यादा याच्या अष्टमांश, म्हणजे केवळ 5 आहे. तरीही आपले मानक ग्रामीण भागालाही लागू आहे, ही त्यातील जमेची बाजू. परंतु 2019 साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आखला गेला तो शहरांसाठी. जळगाव त्या यादीत आले. मुक्ताईनगर, वरणगाव यांसारख्या गावांना त्या यादीत जागाच नाही. वीज केंद्रांच्या धुराबाबतही हेच घडले. 2015 साली केंद्र सरकारने उत्सर्जनाची कठोर मानके जाहीर केली, त्यांची मुदत वारंवार वाढविली आणि जुलै 2025 मध्ये बहुसंख्य केंद्रांना गंधकाच्या वायूबाबतच्या मानकातून सूट दिली. सूट कोणाला, हे ठरविताना मुख्यतः एक गोष्ट पाहिली गेली : जवळ दहा लाख वस्तीचे वा प्रदूषित म्हणून घोषित झालेले शहर आहे काय? शहर जवळ नसले म्हणजे माणसे श्वास घेत नाहीत, असा या निकषाचा अर्थ होतो.

यावर उत्तर तयार असते. वीज हवी ना? केळीच्या बागांना पाणी देणारे पंप कशावर चालणार? दीपनगरने हजारो घरांना रोजगार दिला, तो बंद करायचा काय? हे प्रश्न खोटे नाहीत आणि केंद्र बंद करा, असे येथे कोणी म्हणतही नाही. पण विजेचा लाभ साऱ्या राज्याने घ्यावा आणि राखेचा भार शेजारच्या गावांतील दुबळ्या फुप्फुसांनी वाहावा, हा हिशेब न्यायाचा नव्हे. डिसेंबर 1952 मध्ये लंडनवर कोळशाच्या धुराचे दाट धुके पसरले आणि थोड्याच दिवसांत सुमारे चार हजार माणसे अधिक मेली. त्यांत जुन्या श्वसनविकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने होते. तेथेही प्रथम इन्फ्लुएन्झाकडे बोट दाखविले गेले. परंतु मृत्यूंची नोंद होत होती, म्हणून सत्य दडपता आले नाही आणि 1956 मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. लंडनमध्ये मृत्यू मोजले गेले. आपल्याकडे हवाही मोजली जात नाही आणि मृत्यू ‘दम्याने गेला’ एवढ्यावर मिटतो.

म्हणून मागणी साधी आहे. वरणगाव ते मुक्ताईनगर या पट्ट्यात हवा अहोरात्र मोजणारे यंत्र बसवावे आणि त्याचा आकडा रोज मराठीत रुग्णालयाच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. हवा वाईट असेल त्या दिवशी रुग्णाने पहाटेचे फिरणे टाळून उन्हे वर आल्यावर बाहेर पडावे, एवढे कळले तरी काही झटके टळतील. तोंडाला बांधलेला साधा रुमाल सूक्ष्म कण अडवीत नाही, हेही त्याला कोणीतरी सांगितले पाहिजे. राख ओली करून आणि झाकूनच वाहिली जावी. तालुक्याच्या रुग्णालयात फुंकून श्वासाची शक्ती मोजणारे यंत्र आणि ते वापरणारा माणूस असावा, आणि श्वासावाटे घ्यावयाचे औषध बारमाही मिळावे. ज्या घरात असा रुग्ण आहे, त्या घराला गॅसचे सिलिंडर परवडेल अशी तजवीज व्हावी. यांपैकी एकही गोष्ट शासनाच्या आवाक्याबाहेरची नाही.

गेलेले फुप्फुस परत येत नाही. दवाखान्याच्या बाकावरील त्या माणसांना आपण त्यांचा जुना श्वास देऊ शकत नाही. जो उरला आहे तो टिकविणे मात्र आपल्या हाती आहे, आणि त्याची सुरुवात त्यांच्या गावची हवा मोजण्यापासून झाली पाहिजे.